प-वर्ग

दीड वर्षानं शाळा उघडली
आणि पहिली न बघताच दुसरीत आलेली सतरा मुलं
माझ्यासमोर बसली, नाकापर्यंत झाकलेली.

क निभावला. तो घशात असतो.
त, द दातांमागचे, कापडातून गाळून का होईना, येतात.
पण प?
प म्हणजे दोन ओठ मिटणं आणि सुटणं,
ते दिसावं लागतं.
मी म्हटलं पतंग. वह्यांत आलं फतंग, कुठे नुसतंच तंग.
हर्षला कुबलच्या वहीत काहीच आलं नाही.

तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं येतं ते भरतीसारखं, शब्द नसलेलं.
ती माणसांचे ओठ ऐकते.
आता माझ्या कपाळाकडे बघत बसते,
कधीतरी तिथून अक्षर फुटेल म्हणून.

तिच्या मागच्या बाकावर निनाद मेथर.
खिचडी खाताना तो मास्क काढत नाही.
खालून कड उचलतो, घास आत सारतो
आणि दार लावावं तशी कड खाली.
वडिलांना कणकवलीला नेलं तेव्हा
त्याला गाडीच्या काचेपर्यंतच जाऊ दिलं होतं.

शनिवारी पडवीत पालकसभा.
जगन्नाथ तांडेल म्हणाले,
"बंदरार लिलावाक दोनशे माणसा,
येकाच्या तोंडार फडको नाय. मगे पोरांकच कित्याक?"
शेवंती कोयंडे पाटी बाजूला ठेवून उठली.
"माजो वास गेल्लो दोन म्हयने.
बांगडो ताजो की कुसको, कल्ले उघडून बघूचे लागत.
आमचा इकूचा नाकार चलता, बाई.
परत इलो, पण पुरो नाय इलो."
हर्षलाची आई बोलली नाही,
तिनं नुसतं माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.
निनादची आई आलीच नाही. त्याच्या दप्तरात चार घड्यांची चिठ्ठी:
बाकीच्यांचं काय ते ठरवा.
माझ्या मुलाला काढायला सांगू नका.

इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'चर्चा झाली.'
खाली सह्या. माझीही.
मी कुठल्या बाजूची, कुणी विचारलं नाही, बरं झालं.
रात्री मास्क धुताना आतून ओठांच्या जागी
दिवसभराच्या बोलण्याचा एक मळका डाग होता.
त्यात प किती, म किती, कोण मोजणार.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर
मी पश्चिमेच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहिले,
खाऱ्या हवेनं पोपडे धरलेल्या गजांपासून चार हात लांब,
आणि मास्क उतरवला.
"बाईंका दात आसत!" कुणीतरी ओरडलं.
वर्ग हसत सुटला.
आणि महिनाभर माझ्याशी न बोललेला निनाद उभा राहिला.
"बाई, हयसून नको. वारो दर्यावरसून येता,
तुमचो सगळो आमच्यार येतलो. पलीकडे जावा."

मी शाळेला वळसा घालून पूर्वेला गेले,
पाण्याच्या टाकीपाशी, चिखलात.
मुलांनी बाकं फिरवली, खडखडाट नुसता.
आता वारा वर्गातून माझ्याकडे येत होता,
सतरा जणांचा श्वास माझ्या उघड्या तोंडावर.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

प, मी आवाज न करता म्हटलं.
हर्षलानं येऊन गज धरले,
मास्क हनुवटीवर ओढला
आणि इतक्या मोठ्यानं प म्हणाली
की टाकीवरचा कावळा उडाला.
म ला ओठ थोडा वेळ मिटूनच राहतात,
तेही तिनं बरोबर पकडलं.

निनादचा मास्क जागेवरच होता,
दोऱ्या कानांत रुतलेल्या.
पण मी बघत होते. कापड
आत गेलं, जरासं थांबलं,
आणि शिडासारखं पुढे फुगलं.
हजेरीच्या मागच्या पानावर मी त्याच्यापुढे
बरोबरची खूण केली.

सकाळी मतलई असते, तेव्हा पश्चिमेची खिडकी.
दुपारी पूर्वेची.
हे वेळापत्रकात कसं लिहायचं
ते मुख्याध्यापकांना विचारायचं राहिलंय.